वाइन घरी नेली, पण ठेवायची कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

द्राक्षांचा हंगाम आटोपून बागांमध्ये खरड छाटणीची लगबग सुरू झाली आहे आणि शनिवार-रविवारी नाशिक परिसरातील वायनऱ्यांच्या आवारात मुंबई-पुण्याच्या गाड्यांना जागा पुरत नाही. पेला कसा धरावा, तो कसा फिरवावा, वास कसा घ्यावा, हे तिथले तरुण कर्मचारी पाहुण्यांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगतात आणि परतताना मंडळी दोन-चार बाटल्या घेऊन निघतात. ही बाटली घरी गेल्यावर कुठे ठेवायची, कशी ठेवायची आणि किती दिवस ठेवायची, हे मात्र कोणी सांगत नाही आणि खरे तर कोणी विचारतही नाही. याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

दिंडोरी तालुक्यातील एका वायनरीच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले असून आता निवृत्त आहे. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा माझा हेतू नाही; जे घेत नाहीत त्यांनी घेऊ नये, आणि बाटलीवर आरोग्याचा जो वैधानिक इशारा छापलेला असतो तो खराच आहे. परंतु ज्या राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले, विंचूरला वाइन पार्क उभे केले आणि जिथे देशातील सर्वाधिक वाइन तयार होते, त्याच राज्यातील ग्राहकाला चांगले पैसे मोजून घेतलेली वस्तू नीट कशी ठेवावी याची माहिती स्वतःच्या भाषेत मिळू नये, हे खटकते. जी माहिती मिळते ती बहुतांशी युरोपातील घरे आणि तिथले हवामान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते, आणि ती आपल्याकडे जशीच्या तशी पाळली तर फायद्याऐवजी तोटाच होतो.

सर्वांत आधी एक समज दूर केला पाहिजे. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, असे आपल्याकडे इतके ठामपणे सांगितले जाते की परदेशातून भाचा-पुतण्याने आणलेली बाटली वर्षानुवर्षे जपून ठेवणारी कितीतरी घरे मला ठाऊक आहेत. हे विधान जगातल्या फार थोड्या वाइनना लागू पडते. भरपूर टॅनिन (तुरटपणा देणारे द्रव्य) आणि आम्लता असलेल्या निवडक लाल वाइन, काही गोड वाइन आणि मद्यार्क मिसळून पक्क्या केलेल्या पोर्तुगालच्या पोर्ट किंवा मादेइरासारख्या वाइन दीर्घकाळ टिकतात आणि मुरतात. बाकी बहुतेक सगळ्या, मग त्या नाशिकच्या असोत की फ्रान्सच्या, तयार झाल्यापासून एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. आपल्याकडची सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या पांढऱ्या आणि गुलाबी रोझे या वाइनचा सगळा डौल ताज्या फळांच्या वासात आणि चटकदार आंबटपणात असतो. तो वर्षभरात घ्यावा, फार तर दोन वर्षांत. लाकडी पिंपात मुरवलेली शिराझ किंवा काबर्ने ही लाल वाइन तीन ते पाच वर्षे चांगली राहू शकते, पण तीही नीट ठेवली तर.

हा समज पसरण्याचे एक कारण लेबलातच आहे. दहा टक्के किंवा त्याहून अधिक मद्यार्क असलेल्या पेयांवर 'अमुक तारखेपूर्वी वापरावे' असे छापण्याची सक्ती नसते. तारीखच नाही म्हटल्यावर व्हिस्कीप्रमाणे ही बाटलीही कितीही वर्षे राहील, असे ग्राहकाला वाटले तर त्याचा दोष नाही. व्हिस्कीत मद्यार्काचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर असते आणि बाटलीत गेल्यावर तिच्यात फारसा बदल होत नाही. वाइनमध्ये ते साधारण बारा ते चौदा टक्के असते, आणि बाटलीत गेल्यावरही तिच्यातील रासायनिक क्रिया थांबत नाहीत. लेबलावर जे वर्ष छापलेले असते ते द्राक्षे तोडली त्या वर्षाचे असते. इथे एक बारकावा आहे: आपली तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, युरोपातील सप्टेंबरच्या सुमारास. त्यामुळे एकाच वर्षाचा शिक्का असलेली नाशिकची बाटली फ्रान्समधील बोर्दोच्या बाटलीपेक्षा वयाने सहा-सात महिने मोठी असते. ताजेपणावर जगणारी पांढरी वाइन विकत घेताना हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळते, आणि तो मुद्दा म्हणजे उष्णता. प्रकाश, ओल, हादरे, बाटली आडवी की उभी, या सर्व गोष्टींची चर्चा पुष्कळ होते. पण महाराष्ट्रात वाइन खराब होण्याची कारणे क्रमाने लावली तर पहिल्या क्रमांकाला उष्णता येते, आणि दुसऱ्या क्रमांकाचे कारण तिच्यापासून बरेच दूर असते. बाटलीबंद वाइनसाठी बारा-तेरा अंश सेल्सिअस तापमान आदर्श मानतात. दहा ते पंधरा अंशांपर्यंत कोणी तक्रार करू नये. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणजे तेरा अंशांवर ठेवलेल्या बाटलीपेक्षा तेहतीस अंशांवर ठेवलेली बाटली चौपट वेगाने म्हातारी होते. प्रत्यक्षात तर त्याहून वाईट घडते, कारण सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. मंद तापमानात ज्या क्रिया जवळपास होतच नाहीत त्या उष्णतेत जोर धरतात, वाइनला जपणारा सल्फर डायऑक्साइड भराभर खर्ची पडतो, आणि ताज्या फळांच्या वासाच्या जागी शिजवलेल्या फळांचा, काकवीचा वास येऊ लागतो. ती वाइन नुसती जुनी होत नाही, ती शिजते. नंतर कितीही थंड केली तरी गेलेले परत येत नाही.

दुसरा परिणाम यांत्रिक आहे. साडेसातशे मिलिलिटरची बाटली वीस अंशांवरून चाळीस अंशांवर गेली की आतील द्रव प्रसरण पावून चार-पाच मिलिलिटरने वाढतो. बुचाखालच्या गळ्यात जी मोकळी जागा सोडलेली असते ती साधारण तेवढीच असते. मग वाढलेल्या दाबाने बूच वर सरकते किंवा त्याच्या कडेने वाइन झिरपते, रात्री थंडावा आला की द्रव आकसतो आणि त्याच वाटेने बाहेरची हवा आत ओढली जाते. दिवसा तापणे आणि रात्री निवणे असे रोज घडत राहिले तर ती बाटली जणू हळूहळू श्वास घेऊ लागते. म्हणून स्थिर सव्वीस अंश हे अठरा ते चौतीस अंशांच्या रोजच्या चढउतारापेक्षा कधीही बरे.

आमच्या सोसायटीतील एक गृहस्थ मध्यंतरी अशीच एक बाटली घेऊन आले होते. मुलाने परदेशातून आणलेली लाल वाइन त्यांनी दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, मुलांना मिळालेल्या ढालींच्या शेजारी, पश्चिमेच्या खिडकीसमोर बरीच वर्षे उभी ठेवली होती. "ताई, आता हिची किंमत किती आली असेल?" असा त्यांचा प्रश्न होता. बाटलीच्या गळ्यावरचे आवरण हाताला चिकट लागत होते, त्याखाली बूच काचेच्या कडेपेक्षा किंचित वर आलेले होते, आणि ते काढल्यावर त्याच्या एका अंगाने खालपासून वरपर्यंत काळपट लाल ओघळाची रेघ गेलेली दिसली. पेल्यात ओतलेल्या वाइनचा रंग जुन्या विटेसारखा, कडेला तपकिरी. वास उकळलेल्या मनुकांचा आणि थोडा वार्निशचा. विषारी वगैरे काही नव्हती, खराब झालेली वाइन सहसा बाधत नाही. पण तिच्यात पिण्याजोगेही काही उरले नव्हते. किमतीचा विषय मग मी काढला नाही.

वर्षानुवर्षे जाऊ देण्याचीही गरज नसते. एक दुपार पुरते. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या आतील तापमान सहज पन्नाशीच्या पुढे जाते. वायनरीत घेतलेल्या बाटल्या डिकीत टाकून पुढे त्र्यंबकेश्वर, मग जेवण, मग कसारा घाटातून घर, असा कार्यक्रम असेल तर त्या बाटल्यांचे आयुष्य त्याच दिवशी निम्मे झाले म्हणून समजावे. खरेदी शेवटी करावी, बाटल्या वातानुकूलित भागात पायांपाशी ठेवाव्यात, आणि थर्माकोलचा डबा असेल तर फारच उत्तम. फसफसणाऱ्या वाइनच्या बाबतीत तर हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. तिच्या बाटलीत मुळातच पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो आणि तो तापमानाबरोबर वाढतो. अशी तापलेली बाटली उघडू नये. आधी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि उघडताना तोंड माणसांकडे करू नये.

परदेशी पुस्तकांत यावर उपाय म्हणून तळघर सांगितलेले असते. फ्रान्समधील रँस शहराखाली रोमन काळात खडूच्या दगडात खोदलेल्या खाणी आहेत. शॅम्पेन करणाऱ्या घराण्यांनी त्यांची कोठारे केली आणि तिथे बाराही महिने दहा-बारा अंश तापमान असते. त्यात जादू काही नाही. जमिनीखाली काही मीटरवर तापमान ऋतूंप्रमाणे फारसे हलत नाही. ते त्या ठिकाणच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास स्थिर राहते. उत्तर फ्रान्सची वार्षिक सरासरीच दहा-अकरा अंश आहे. नाशिकची किंवा पुण्याची पंचविशीच्या आसपास आहे, आणि नागपूरची त्याहून थोडी अधिक. म्हणजे पेठेतल्या जुन्या वाड्याचे तळघर कितीही गार वाटले तरी ते युरोपच्या तळघराइतके थंड कधीच होणार नाही. वरच्या चाळीस अंशांतून आत शिरल्यावर ते गार वाटते, इतकेच. तरीही ज्यांच्याकडे दगडी भिंतींचा वाडा, तळघर किंवा मातीच्या जाड भिंतींचे माजघर अजून शिल्लक आहे त्यांनी बाटल्या तिथेच ठेवाव्यात, कारण तिथले तापमान स्थिर असते. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला ठेवावी' हा सल्लाही असाच थंड देशातल्या सोळा-अठरा अंशांच्या खोल्या गृहीत धरून दिलेला आहे. आपली मे महिन्यातली खोली त्या सल्ल्यात बसत नाही.

मग फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने काय करावे? आधी काय करू नये ते सांगते, कारण नेमक्या तिथेच बाटल्या आढळतात. स्वयंपाकघरात शेगडीच्या वरचे कपाट, फ्रिजच्या डोक्यावरची जागा, माळा आणि गच्चीखालच्या मजल्यावरची स्लॅबलगतची फडताळे या घरातल्या सर्वांत गरम जागा आहेत. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो आणि ती वर चढते, त्यामुळे त्याच्या डोक्यावर बाटली ठेवणे म्हणजे तिला मंद आचेवर ठेवणे होय. त्याऐवजी घराच्या मध्यभागी असलेल्या, ऊन न लागणाऱ्या आतल्या भिंतीलगतच्या कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा निवडावा. उत्तरेकडच्या खोलीत, पलंगाखाली, पुठ्ठ्याच्या मूळ खोक्यासकट ठेवलेली बाटली दिवाणखान्यातल्या सजवलेल्या लाकडी रॅकवरच्या बाटलीपेक्षा कितीतरी सुखात असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढी व्यवस्था नाशिक-पुण्याला पुरेशी आहे. निफाडच्या थंडीत तर काही करावेच लागत नाही. मुंबई आणि कोकणपट्टीत हिवाळाही तितका थंड नसल्याने तिथे बाटल्यांचा साठा मुळात करूच नये. लागेल तशी आणावी आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवावी.

मार्च ते जून या काळासाठी माझे मत जाणकारांच्या प्रचलित मताविरुद्ध आहे, पण ते मी जबाबदारीने मांडते. वाइन घरच्या फ्रिजमध्ये दीर्घकाळ ठेवू नये, असे सर्वत्र लिहिलेले असते. कारणे खरी आहेत: फ्रिजमध्ये तापमान चार-पाच अंश म्हणजे गरजेपेक्षा कमी असते, तिथली हवा कोरडी असल्याने बूच सुकण्याची शक्यता असते, आणि लसूण-भाजीचे वास असतात. परंतु हे सल्ले देणाऱ्यांच्या घरात फ्रिजला पर्याय म्हणून अठरा अंशांची खोली असते. आपल्याकडे पर्याय अडतीस अंशांच्या कपाटाचा असतो. थंडीने वाइनची वाढ थांबते, उष्णतेने ती मरते. शिवाय बूच सुकण्याची भीती फिरकीचे झाकण असलेल्या बाटलीला लागूच नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांना आता तेच झाकण असते. तेव्हा उन्हाळ्यात लाल असो वा पांढरी, बाटली सरळ फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात आडवी घालावी आणि लाल वाइन प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवून विसरू नये. उणे पाच-सहा अंशांच्या आसपास वाइन गोठते, फुगते आणि बूच ढकलते, प्रसंगी बाटली तडकते.

विदर्भात, खानदेशात आणि मराठवाड्यात उन्हाळा कोरडा असतो आणि तिथे वीज गेली तरी चालणारा एक उपाय घराघरात आहेच. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते त्याच तत्त्वाने ओल्या गोणपाटात गुंडाळून पाण्याच्या परातीत, वारा लागेल अशा सावलीच्या जागी ठेवलेली बाटली बाहेर त्रेचाळीस अंश असताना पंचविशीच्या आसपास राहू शकते. गोणपाट वाळू द्यायचे नाही, इतकेच पथ्य. लेबल भिजून सुटते, म्हणून आधी बाटलीला प्लॅस्टिकची पिशवी घालावी. मुंबईत किंवा रत्नागिरीत हा उपाय चालणार नाही; हवाच दमट असल्यावर पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही.

ज्यांना खरोखर संग्रह करायचा आहे त्यांच्यासाठी वाइन कूलर नावाचे कपाट बाजारात मिळते. ते घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा: यात कॉम्प्रेसर आहे का? कॉम्प्रेसर नसलेली, अर्धवाहकाच्या पट्टीवर चालणारी कपाटे आवाज करत नाहीत आणि स्वस्तही असतात, पण ती बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण दहा-पंधरा अंशच खाली जाऊ शकतात. लंडनमध्ये ते पुरेसे आहे. अकोल्यात मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस असताना आत तीस अंश राहिले तर ते कपाट म्हणजे दिवा लावलेली शोभेची पेटी झाली. त्यापेक्षा घरातला जुना, चालू स्थितीतला फ्रिज घेऊन त्याला बाहेरून तापमान-नियंत्रक जोडून घ्यावा आणि तो तेरा-चौदा अंशांवर लावावा. फ्रिज दुरुस्त करणारा चांगला कारागीर हे काम सहज करून देतो. दिसायला बेढब दिसतो, पण काम चोख करतो. भरलेल्या कपाटात बाटल्यांतल्या द्रवामुळे गारवा टिकतो, त्यामुळे दोन-चार तासांच्या भारनियमनाने काही बिघडत नाही. फक्त दार उघडू नये.

बाटली आडवी ठेवावी की उभी, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. खऱ्या कॉर्कचे बूच असेल आणि काही महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल तर आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते आणि आकसत नाही. हे कॉर्क ओकच्या एका जातीच्या सालीपासून करतात. झाड पंचवीस वर्षांचे झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात, पुढे साधारण नऊ वर्षांनी एकदा, आणि जगातील निम्मे कॉर्क एकटा पोर्तुगाल पुरवतो. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली काय किंवा आडवी ठेवली काय, फरक पडत नाही. फसफसणारी वाइन उभी चालते, कारण आतला दाब आणि ओलावा बुचाला पुरेसे असतात. फिरकीचे झाकण म्हणजे हलकी वाइन, हा समजही सोडून द्यावा. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीच्या रीस्लिंग या पांढऱ्या वाइनच्या उत्पादकांनी २००० साली एकत्र येऊन हे झाकण स्वीकारले आणि न्यूझीलंडनेही लगेच तोच मार्ग धरला. कॉर्कमधून क्वचित येणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास टाळणे हा त्यामागचा हेतू होता. आपल्या हवामानात तर हे झाकण अधिकच सोयीचे आहे.

पावसाळ्यात लेबलावर आणि बुचाच्या माथ्यावर बुरशी धरते. ती पाहून बाटली फेकू नये. बूच काढण्यापूर्वी गळा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, आतल्या वाइनला काही झालेले नसते. तळाशी किंवा बुचाला चिकटलेले साखरेसारखे खडे दिसले तर ते काचेचे तुकडे नव्हेत. ते टार्टारिक आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे स्फटिक असतात, थंडीत खाली बसतात आणि पूर्णपणे निरुपद्रवी असतात. या खड्यांवरून आलेल्या संतप्त तक्रारींना उत्तरे लिहिणे हा माझ्या नोकरीचा एक कायमचा भाग होता.

प्रकाशाबद्दल थोडेच लिहिते. सूर्यप्रकाशातील आणि ट्यूबलाइटमधील अतिनील व निळ्या किरणांनी वाइनमधील रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, उत्तेजित होते आणि गंधकयुक्त अमिनो आम्लाशी क्रिया होऊन उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. हिरवी बाटली काही प्रमाणात संरक्षण देते, गडद तपकिरी अधिक देते, पारदर्शक अजिबात देत नाही. आणि गंमत अशी की सर्वांत नाजूक असलेली रोझेच तिच्या देखण्या रंगापायी पारदर्शक बाटलीत भरली जाते. रशियाच्या झारसाठी १८७६ साली पारदर्शक बाटलीत तयार करण्यात आलेली 'क्रिस्टल' ही शॅम्पेन आजही नारिंगी रंगाच्या पारदर्शक कागदात गुंडाळून विकतात, कारण तो कागद हे किरण अडवतो. आपण घरी वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला तरी काम भागते. आपल्या अंकाचा हाही एक उपयोग, संपादकांनी राग मानू नये.

उघडलेल्या बाटलीचे नियम वेगळे. तिचा शत्रू हवेतील प्राणवायू आणि त्यावर जगणारे, मद्यार्काचे व्हिनेगर करणारे जिवाणू. म्हणून उघडलेली बाटली, लाल असली तरी, झाकण लावून फ्रिजमध्येच आणि उभी ठेवावी, म्हणजे हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग कमी राहतो. अर्धी उरली असेल तर लहान स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. अशी वाइन तीन ते पाच दिवस चांगली राहते. फसफसणाऱ्या वाइनच्या तोंडात चांदीचा चमचा अडकवून ठेवल्याने फेस टिकतो, असे सांगणारे भेटतात. त्याने काही होत नाही. टिकतो तो फ्रिजच्या थंडपणामुळे.

इथवर ग्राहकाने काय करावे ते लिहिले, पण ग्राहकाच्या हाती येण्यापूर्वीच बाटली बिघडलेली असेल तर त्याने कितीही काळजी घेऊन उपयोग नाही. नाशिकचा शेतकरी निर्यातीची द्राक्षे तोडल्यावर काही तासांत प्री-कूलिंगला घालतो, शून्य अंशाच्या आसपास ठेवतो आणि शीत कंटेनरमधून थेट युरोपला पोहोचवतो. त्या साखळीतील एक कडी तुटली तर माल नाकारला जातो, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याच मातीतल्या द्राक्षांची वाइन मात्र साध्या ट्रकमधून, ताडपत्रीखाली, भर मे महिन्यात राज्यभर फिरते आणि पत्र्याच्या छताखालच्या गोदामात उतरते. फळाला जी शिस्त लावली ती त्या फळाच्या रसाला का लावू नये, हे मला समजलेले नाही. निदान उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत रात्रीची वाहतूक आणि उष्णतारोधक आवरण एवढे तरी करायला हरकत नसावी. तो खर्च बाटलीमागे फार येणार नाही.

लेबलाबाबत एक सूचना आहे. मागच्या लेबलावर कोणत्या पदार्थाबरोबर ही वाइन चांगली लागते, याचे इंग्रजीत रसभरीत वर्णन असते. त्यातली दोन वाक्ये कमी करून 'थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी' आणि 'अमुक वर्षापर्यंत प्यावी' एवढे मराठीत छापावे. कायद्याने सक्ती नसली तरी उत्पादकाला स्वतःहून तसे करण्यापासून कोणी अडवलेले नाही, आणि आपली वाइन किती वर्षे टिकेल हे त्याच्या प्रयोगशाळेला चांगले ठाऊक असते.

राहता राहिली दुकाने. बहुतेक दुकानांत वाइनच्या बाटल्या समोरच्या काचेत, दिव्यांच्या प्रकाशात, उभ्या मांडलेल्या असतात आणि रात्री शटर ओढल्यावर तिथे भट्टी होते. पूर्ण दुकान वातानुकूलित करा, असे कोणी म्हणत नाही. मांडणीसाठी रिकाम्या बाटल्या ठेवाव्यात आणि विक्रीचा माल आतल्या थंड खोलीत किंवा काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये ठेवावा, इतकेच. तोपर्यंत ग्राहकांनी बाटली हातात घेऊन तिचा गळा पाहावा, बूच वर आलेले किंवा आवरण चिकट लागत असेल तर ती परत करावी, पांढऱ्या वाइनवरील वर्ष वाचावे, आणि काचेतली बाटली पुढे केली गेली तर आतल्या बंद खोक्यातली मागावी. मी तशीच मागते, आणि आजवर कोणत्याही दुकानदाराने नाही म्हटलेले नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, नाशिक